वृंदाची तीन पानं

ही गोष्ट सांगायची मी नऊ वर्षं टाळली. विसरलो होतो असं मुळीच नाही. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली एक सरकारी फाइल आहे. दर हिवाळ्यात स्वेटर काढताना ती हाताला लागायची आणि थंडी संपली की मी पुन्हा तिच्यावर स्वेटर रचून ठेवायचो. घरात कुणी तो विषय काढला तर मी पाणी प्यायला उठायचो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि जिच्याबद्दल लिहायचं ती माझी भाची वृंदा सात आठवड्यांपूर्वी गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती. तिच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. तिच्याविषयी खरं लिहू शकेल असा मात्र मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो आहे.

त्या मंगळवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे वृंदाच्या आईचा, शैलाचा फोन येत होता तेव्हा मी औषधाच्या दुकानातल्या माणसाशी बोलत होतो. तो आमच्या सोसायटीच्या चुकीच्या फाटकावर उभा होता. आमच्या टेलिफोनच्या वरती भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती मी त्याला वाचून दाखवत होतो. "गेट नंबर दो से आइए, मेन गेट से नहीं. पानी की टंकी बाएँ हाथ पर छोड़िए. तीसरा ब्लॉक, जिसके नीचे प्रेसवाला बैठता है. सेक्टर दस, द्वारका. रोहिणी नहीं." ही चिठ्ठी वृंदानं लिहिलेली. मधे दोनदा मोबाइलवर शैलाचा फोन वाजत राहिला आणि दोन्ही वेळा मी तो घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा ती म्हणाली, "दादा, वृंदा उठत नाहीये." मेंदूत रक्तस्राव झाला होता. आम्ही त्यांच्या घरी गाझियाबादला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नोकरीनं तिचा जीव घेतला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही, आणि दोष दुसरीकडे ढकलायची सोय मला आता नको आहे. पण तेराव्या दिवसानंतर आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात शोकसभा झाली, तिथे नात्यातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. माणूस चांगला आहे, मनापासूनच बोलले. म्हणाले, "एवढ्या मोठ्या कंपनीत आमची वृंदा होती, पण एक चूक झाली हातून, आणि मग ती सावरली नाही. नशीब म्हणायचं." पुढच्या रांगेत बसलेल्या शैलानं मान डोलावली. तिच्या शेजारी मी बसलो होतो. मीही मान डोलावली... सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या आयुष्याचा हिशेब एका वाक्यात झाला, आणि ते वाक्य मूळचं माझं होतं.

वृंदा दिल्लीला आली ती सव्विसाव्या वर्षी. जळगावची मुलगी, पुण्यात इंजिनिअर झालेली, एक बॅग आणि एक प्रेशर कुकर घेऊन आमच्या घरी उतरली. माझी बायको कुमुद तिला म्हणाली, अगं, आमच्या घरी कुकर आहे. त्यावर ही म्हणाली, "मामी, आईनं दिलाय, नाही म्हणता आलं नाही." तीन वर्षं आमच्याकडे राहिली. माझा मुलगा हेमंत तेव्हा शाळेत होता. दिल्लीत वाढलेला, मराठी अर्धीमुर्धी. त्याला ती गणित शिकवायची आणि बदल्यात तो तिला हिंदीतल्या शिव्या शिकवायचा, असं ती सगळ्यांना सांगायची. आल्यावर वर्षभरातच तिला गुडगावच्या त्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही. जगभर ज्यांची नावं घेतली जातात त्यांपैकी एक, एवढं पुरे. नाव सांगितलं की माणसं सावरून बसायची. मी ते लिफ्टमध्ये सांगायचो, भाजीवाल्याकडे सांगायचो, कुणी न विचारताही सांगायचो.

तिचं काम काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा जेवताना तिनं मलाच विचारलं, "मामा, आपल्याकडे सेक्टर दहा किती?" मी म्हटलं, एक. "द्वारकेत एक. रोहिणीत एक. नोएडात आहे, गुडगावात आहे, फरिदाबादलाही आहे. आणि लोक पत्त्यात काय लिहितात? सेक्टर दहा, मंदिराजवळ. ते नेमकं कुठलं, हे मशीननं ओळखायचं. ते माझं काम." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, पोरीला आवडतं काम मिळालं. त्याच दिवशी तिनं टेलिफोनवरची ती चिठ्ठी लिहून चिकटवली. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चुकतो आणि मी त्याच्यावर ओरडतो, असं तिचं म्हणणं होतं. "चुकणाऱ्यावर ओरडून काय मिळतं? पत्ता नीट सांगा ना, यार." मामाला यार म्हणणारी ती एकटीच.

मोठ्या कंपनीतलं सुख मी बाहेरून पाहिलं. फाटकाशी येणारी गाडी, फुकट जेवण. ती सांगायची, "नऊ प्रकारची बिस्किटं ठेवलीत मामा, जेवायला वेळ मिळत नाही म्हणून." आतलं मात्र हळूहळू कळत गेलं. पाच वर्षांत तिचे सात वरिष्ठ बदलले, आणि प्रत्येकाला तिनं पहिल्यापासून सांगायचं की मी काय करते. एक काम तिनं आणि तिच्या बरोबरीच्यांनी दोन वर्षं खपून उभं केलं. मग एका सकाळी मेल आला की हे काम कंपनी पुढे नेणार नाही. दुपारी सगळ्यांना बोलावून केक कापला. ती घरी आली तेव्हा तिच्या हातात त्या केकचा तुकडा होता, कागदात गुंडाळलेला, हेमंतसाठी. "कुणाचा वाढदिवस?" कुमुदनं विचारलं. "वाढदिवस नाही मामी, तेरावं."

वर्षाच्या शेवटी दहा जणांत एकाला खालच्या पायरीवर बसवायचंच, सगळे चांगले असले तरी, हा तिथला रिवाज. मी केंद्र सरकारात आयुष्य काढलेला माणूस. म्हटलं, आमच्याकडे बरं, सगळ्यांनाच 'उत्कृष्ट' मिळायचं. ती हसून म्हणाली, "म्हणूनच पूल पडतात तुमचे." महिन्यातला एक आठवडा, काही बिघडलं तर सावरायची जबाबदारी तिच्यावर असायची; फोन वाजला की असेल तिथे लॅपटॉप उघडायचा. भाऊबीजेला हेमंतला ओवाळताना फोन वाजला, तर एका हातात तबक धरून तिनं दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप केलं होतं आणि निरांजन विझलं होतं. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला गेली, तिथे स्मारकाच्या कट्ट्यावर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. कुणीतरी माहिती सांगत होतं की रसद वेळेवर पोचली नाही म्हणून असं झालं. हिनं मान वर न करता म्हटलं, "पत्ता अपुरा असणार." सगळी बस हसली. मीही हसलो. सबंध दिवसात तिनं स्मारक एकदाही नीट पाहिलं नाही, हे मला फोटो आल्यावर दिसलं.

सहाव्या वर्षी तिला ते सोडायचं होतं. दोन मैत्रिणी नोएडात लहानसं काही सुरू करत होत्या, त्यांच्याबरोबर जायचं होतं. मी म्हटलं, एवढं नाव सोडून? ती थांबली. पाच वर्षं आणखी थांबली. यासाठी मी स्वतःला दोष देत नाही. असा सल्ला कोणताही मामा देतो. खरी गोष्ट पुढे आहे.

मी ज्या मंत्रालयात नोकरी केली तिथे माझी अनेक वर्षं शिस्तभंगाच्या शाखेत गेली. कुणाच्या हातून काही चुकलं की त्याला कारणे दाखवा नोटीस जायची आणि त्यानं खुलासा द्यायचा. हे खुलासे वाचण्यात माझा जन्म गेला, आणि खरं सांगायचं तर ते लिहून देण्यातही. नोटीस आली की लोक गुपचूप माझ्याकडे यायचे. आमच्या खात्यात खुलासा म्हणजे काय झालं ते सांगणं नव्हे. खुलासा म्हणजे फाइल बंद करायला वरिष्ठाला निमित्त देणं. आपण नम्र व्हायचं, 'अनवधानाने कसूर झाली, खेद आहे, पुढे दक्षता घेईन' असं लिहायचं, वरिष्ठाला कुठेही ओरखडा येऊ द्यायचा नाही. मग वरिष्ठ शेरा मारतो, 'समज देण्यात आली', आणि दोघेही चहा प्यायला जातात. माझ्या मसुद्यानं एकाचीही नोकरी गेली नाही, याचा मला गर्व होता.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी वृंदाच्या कंपनीत एक बदल करायचं ठरलं. पत्ता अपुरा असला की मशीन माणसाला विचारत असे, कोणतं सेक्टर दहा? तो प्रश्न काढून टाकायचा आणि मशीननं आपणच अंदाज करायचा. एक प्रश्न कमी झाला की कंपनीच्या तक्त्यावर आकडे बरे दिसतात, आणि तिच्या वरिष्ठाची बढती त्या आकड्यांवर अवलंबून होती. वृंदानं त्याला लिहून कळवलं की असं करू नका, सणाच्या दिवसांत गोंधळ होईल. त्यानं उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं, आणि तिसऱ्यांदा उदाहरणं देऊन लिहिलं. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं: कळलं, ठरल्याप्रमाणे करा. आणि बदल चालू करायचं काम त्यानं तिलाच दिलं. तिनं ते केलं. पुढचे पाच दिवस दिल्लीभर माणसं आणि सामान भलत्याच सेक्टरात पोचत होतं. दिवाळीची मिठाई चुकली ते एक वेळ ठीक. पण डायलिसिसला निघालेली एक आजारी बाई गाडीतून भलत्याच गावाच्या टोकाला जाऊन पोचली, तिच्या मुलानं कंपनीला लिहिलेलं वृंदानं वाचलं आणि दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

परदेशातून विचारणा झाली. त्या कंपनीत अशा वेळी सगळ्यांनी बसून एक कागद लिहायचा असतो, काय आणि कसं बिघडलं याचा. कुणालाही दोष द्यायचा नाही, असा त्यांचा मोठा नियम, भिंतीवर लावलेला. त्या कागदात कुणाचं नाव नव्हतं. पण त्याच आठवड्यात वृंदाकडून वेगळं लेखी निवेदन मागवलं गेलं.

ती रविवारी दुपारी आमच्याकडे आली. कुमुद जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. वृंदानं टरफलं बाजूला सारून कागद पसरले. चार पानांचं निवेदन, आणि मागे जोडलेली तीन पानं, तिनं वरिष्ठाला लिहिलेल्या तीन पत्रांची छापील प्रत. म्हणाली, "मामा, तुम्ही यातले उस्ताद. भाषा तेवढी बघा."

मी तांबडी पेन्सिल घेतली. मसुदा अर्थात इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगतो. पहिल्या पानावर तिनं सरळ लिहिलं होतं की मी तीन वेळा सावध केलं होतं, पत्रं सोबत जोडली आहेत. मी ते खोडलं.

"मामा, ते का खोडता? तेच तर खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. वरिष्ठाला तोंडघशी पाडलंस तर तो तुला सोडेल का?"

"पण आमच्याकडे कुणाला दोष देत नाहीत. फक्त काय झालं तेवढं लिहायचं असतं."

"मग स्वतःकडे घे. प्रश्नच मिटला."

तास दीड तास ती माझ्याशी भांडली. सरकार वेगळं, आमचं वेगळं, मामा, असं परोपरीनं म्हणाली. मी मानेनं नाही म्हणत राहिलो. शेवटी मी भीती घातली. ही पत्रं ऑफिसबाहेर छापून आणलीस हाच गुन्हा आहे, ती जोडलीस तर आधी त्यासाठी घरी पाठवतील. हे तिला पटलं असावं, निदान घाबरली तरी. मग मी माझ्या हातानं एक वाक्य घातलं: 'संभाव्य धोका वरिष्ठांच्या निदर्शनास वेळीच आणून देण्यात माझ्याकडून अनवधानाने कसूर झाली.' हजार वेळा लिहिलेलं वाक्य. पेन्सिल आपोआप चालली.

कुमुदनं मटार सोलता सोलता विचारलं, "अहो, तिनं सांगितलं होतं म्हणतेय ना? मग सांगितलं नाही असं का लिहिताय?" मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही.  वृंदा बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून." ती तीन पानं मी काढून घेतली आणि माझ्या फाइलीत ठेवली. म्हटलं, इथे सुरक्षित राहतील.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. हेमंतनं त्याच कंपनीत अर्ज केला होता. वृंदानंच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. मुलाखती झाल्या होत्या, तोंडी होकार आला होता, पत्र यायचं राहिलं होतं, आणि जागा होती त्याच वरिष्ठाच्या हाताखाली. त्या दुपारी पेन्सिल धरताना हे माझ्या मनात होतं. केवळ हेच होतं असं नाही. खुलाशावर माझा खराच विश्वास होता. पण निम्मा हात माझा होता आणि निम्मा हेमंतच्या बापाचा... कोणी किती खोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. हेमंतला यातलं काही माहीत नव्हतं. हे वाचूनच त्याला कळेल.

सरकारात ज्या वाक्यानं माणूस वाचतो, त्याच वाक्यानं तिथे तो संपतो, हे मला दोन महिन्यांत दिसलं. तिच्या निवेदनावर कुणी 'समज देण्यात आली' असा शेरा मारला नाही. तिला सुधारण्याची संधी म्हणून एक योजना दिली गेली. दर आठवड्याला कामांची यादी, कुणालाही पुरी करता येणार नाही अशी, आणि शुक्रवारी तिचा हिशेब. एका बैठकीत तिनं शेवटी तोंड उघडलं की मी तीनदा कळवलं होतं. समोरच्या बाईंनी तिचंच निवेदन पुढे सरकवलं. तुम्हीच तर लिहिलंय की कळवलं नाही. दोन महिन्यांनी तिला जायला सांगितलं. ओळखपत्र आणि लॅपटॉप देऊन ती फाटकाबाहेर आली आणि त्याच दिवशी तिचा मेल बंद झाला. अकरा वर्षांत तिनं लिहिलेलं प्रत्येक अक्षर कंपनीचं होतं, ती तीन पत्रंसुद्धा.

परदेशातल्या कार्यालयाकडे दाद मागायची सोय होती, महिन्याभराच्या आत. तिचा फोन आला. "मामा, ती तीन पानं तुमच्याकडे आहेत ना?"

हेमंतचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. रुजू व्हायला तीन आठवडे होते. मी म्हटलं, "माझ्याकडे कुठे? मी तुलाच परत दिली होती त्याच दिवशी."

 ती म्हणाली, "अच्छा. बघते मग घरात."

तिनं घर उलटंपालटं केलं, असं शैलानं मला नंतर सांगितलं. तोवर शैला तिच्याकडे राहायला आली होती. पिठाच्या डब्यांच्या मागेसुद्धा पाहिलं म्हणे.

हेमंतचे पेढे द्यायला आम्ही गेलो तेव्हा ती त्याला तासभर ऑफिसची माहिती सांगत होती. कुठलं कँटीन बरं, कुठल्या लिफ्टला गर्दी कमी. निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जे सांगशील ते लिहून सांग. आणि एक प्रत घरी ठेव." हे ती त्याच्याकडे बघून म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. तिला कळलं होतं का? नऊ वर्षं मी हा प्रश्न चघळतो आहे.

पुढे तिला दुसरीकडे तसं काम मिळालं नाही. अकरा वर्षं जी अवजारं हाताळली ती त्या एका कंपनीतच असतात, बाहेर त्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात. मुलाखतीत तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलं तिला पाटीवरची गणितं घालायची. एके ठिकाणी जमत आलं होतं, तर त्यांनी जुन्या ऑफिसात चौकशी केली आणि मग फोन घेणं बंद केलं. ती मला म्हणाली होती, "अकरा वर्षं किल्ली घासत बसले मामा, आणि कुलूप एकाच दाराला आहे." मग गाझियाबादला एका शिकवणीवर्गात गणित शिकवू लागली. मुलांना आवडायची. नात्यात मात्र एवढंच पसरलं की वृंदाच्या हातून मोठी चूक झाली. कुणी मला विचारलं की मी म्हणायचो, होतं असं, पोरांच्या हातून. समजूतदारपणे म्हणायचो. शैलालाही तेच सांगितलं. हेमंत अजून त्याच कंपनीत आहे, हैदराबादला. फोनवर बोलताना त्याची बोटं टाइप करताना ऐकू येतात.

ती जायच्या महिनाभर आधी मी ठरवलं. फाइल कापडी पिशवीत घातली आणि मेट्रोत बसलो. कुमुदला फक्त वृंदाकडे जातो एवढंच सांगितलं. गाझियाबादच्या वैशाली स्टेशनावर वृंदा घ्यायला आली होती. केस बरेच पांढरे झाले होते, खांद्याला खडूचे डाग पडलेली ओढणी. घरी शैलानं थालीपीठ केलं. वृंदा एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगून हसत होती. तो म्हणे उत्तर आधी लिहितो आणि गणित नंतर. मी पिशवी पायाशी ठेवली होती, दोनदा हात आत घातला. चहा झाल्यावर शैला आत गेली, तेव्हा वृंदानंच विचारलं, "मामा, पिशवीत काय आणलंय? मघापासून सांभाळताय."

"काही नाही गं. माझे रिपोर्ट आहेत, रक्ताचे."

"मग दाखवा की."

"पुढच्या वेळी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग "बिल्कुल," म्हणाली, आणि मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. पिशवी तिनंच धरली होती. सबंध रस्ताभर ती पानं तिच्या हातात होती.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी ती फाइल घेऊन शैलाकडे गेलो. तिला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणाली, मराठीत सांग. मी तिन्ही पत्रं तिला मराठी करून वाचून दाखवली. सेक्टर दहा, मंदिराजवळ, आजारी माणसं असतात, प्रश्न काढू नका, सणानंतर करू. साधी, तळमळीची पत्रं. प्रत्येक ओळीत कुणीतरी आपलं ऐकेल अशी आशा होती.

"म्हणजे तिनं सांगितलं होतं," शैला म्हणाली.

"तीनदा."

"आणि तुला माहीत होतं."

मी मान हलवली. ती उठली, वृंदाच्या फोटोसमोरची वाळलेली फुलं काढली, ताजी घातली. पाठमोरीच म्हणाली, "हे पेपरात दे. त्या सभेतल्या सगळ्यांनी वाचलं पाहिजे." त्यानंतर तिनं मला फोन केलेला नाही. मी केला की घेत नाही.

गेले काही दिवस मी वृंदाला पत्र लिहायचा प्रयत्न करतो आहे. पोचवायचं कुठे, हा प्रश्न बाजूला ठेवून. पहिला मसुदा कुमुदला दाखवला. त्यात त्या वेळची परिस्थिती होती, वडिलकीची काळजी होती, झालेल्या मनस्तापाबद्दल खेद होता. तिनं चष्मा काढून कागद माझ्यासमोर ठेवला. "अहो, हा तर खुलासाच झाला." दुसराही तसाच झाला. तिसरा मी फाडला.

परवा एक कुरिअरवाला आला. मुख्य फाटकावर उभा राहून फोन करत होता. मी चिठ्ठीसमोर उभा राहून वाचत गेलो. गेट नंबर दो से, टंकी बाएँ हाथ पर, तीसरा ब्लॉक. शाई फिकट झाली आहे, पण मला आता चष्मा लागत नाही, पाठच आहे. शेवटच्या ओळीशी आलो आणि पुढे बोलवेना. तो पलीकडून "हैलो, हैलो, अंकल" करत होता. मग आपणच शोधत वर आला, पाच मिनिटांत. नीट सांगितलं होतं ना तिनं.

द्वारकेहून वैशालीला एकच गाडी जाते, कुठे बदलावी लागत नाही. परतताना सव्वा तास मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि जे तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते मनातल्या मनात घोकत होतो, पुढच्या वेळेसाठी. एवढंच होतं ते. वृंदा, तू घरभर शोधत होतीस ती पानं मी तुला कधी परत दिलीच नव्हती. ती माझ्याकडे होती.